सातव्या मजल्यावर कुणीच आजारी नव्हतं

१

साहेब, एक बाई गेली आणि दिवस मावळायच्या आत तुम्ही गुन्हेगार शोधून दिलात. एवढी चपळाई तुमच्या खात्यात एरवी कधी दिसत नाही. वर्कशॉपचं छत गळतंय हे सांगून सांगून आम्ही म्हातारे झालो. पण खालचा माणूस अडकवायचा म्हटलं की तुमच्या फायलींना पाय फुटतात.

तुम्ही एका खरं बोलणाऱ्या माणसाला खोटारडा ठरवलंत. चुकून नाही, ठरवून. हे मी रागाच्या भरात लिहीत नाहीये. राग कधीच येऊन गेला, आता नुसता थकवा उरलाय. पण थकलेल्या माणसालाही जोडून बघता येतं, आणि मी सगळं जोडून बघितलंय.

मी रुग्णवाहिकांच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक. इंजिन शाळेत शिकलो नाही आणि नियमही नाही. दोन्ही उघडून बघत बघत कळत गेले. म्हणून खात्यात कुणाची चौकशी लागली की लोक मला बचाव सहायक म्हणून शेजारी बसवतात. मी बसतो, बोलतो आणि बहुतेक वेळा हरतो. जिंकलेल्या केसेस आठवायला मला बोटं लागत नाहीत.

ही केस आली तेव्हा तीही हरलेलीच वाटत होती.

एका मुलीने कंट्रोल रूमला फोन केला. आईच्या छातीत कळ आली होती. तिने पत्ता सांगितला: घर सात, गल्ली बारा, विभाग चार, पाण्याच्या टाकीमागे. बैठं घर, वर मजला नाही. विभाग चारची गाडी लगेच निघाली आणि गेली भलतीकडेच. गल्ली चार, बारा नंबरची इमारत, सातवा मजला. तिथे कुणीच आजारी नव्हतं. गाडी खऱ्या घरी पोचली तेव्हा मुलगी आईचे तळवे चोळत बसली होती आणि तळवे गार पडले होते.

गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, माझ्या स्क्रीनवर सातवा मजलाच आला होता. तुम्ही कंट्रोल रूमची नोंद काढलीत. नोंदीत पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर. गाडीतल्या स्क्रीनवर जुना मजकूर राहत नाही, नवा कॉल आला की पुसला जातो. मागे बसणाऱ्या नर्सने स्क्रीन पाहिलाच नव्हता, ती औषधं काढत होती. म्हणजे एका बाजूला खात्याची नोंद आणि दुसऱ्या बाजूला एका ड्रायव्हरचा शब्द. तुम्ही त्याला निलंबित केलंत. तो प्यायला होता अशी कुजबुज कुणी सोडली ते मला माहीत नाही, पण ती कँटीनमधून आली नव्हती.

या ड्रायव्हरला सगळे नकाशा म्हणतात. शहरातली एकही गल्ली त्याला विचारावी लागत नाही. नवे ड्रायव्हर रस्ता चुकले की गाडी थांबवून त्याला फोन करतात.

चौकशीच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"भावजी, ते सही करणार आहेत. चूक माझीच म्हणून."

२

मी पोचलो तेव्हा नकाशा गणवेशाला इस्त्री करत होता. निलंबित माणसाला गणवेश घालता येत नाही, पण इस्त्री करू नये असा नियम नाही. एकच बाही तो पुन्हा पुन्हा दाबत होता.

त्याने सांगितलं की ऑफिसातून एक जण येऊन गेला. गोड बोलला. डोळ्यांवर ताण होता, वाचताना चूक झाली, असा लिहून आणलेला कागद हातात ठेवला आणि सही कर म्हणाला. मग पोलीस केस होणार नाही, गाड्या धुण्याच्या कामावर ठेवून घेऊ. नाहीतर हलगर्जीपणाने मृत्यू, आणि पुढचं तुला कळतंच.

मी विचारलं, तू काय वाचलंस ते पुन्हा सांग. तो न अडखळता बोलला. मजला सात, घर बारा, गल्ली चार, विभाग चार. खुणेच्या जागी काहीच नव्हतं.

"खूण कोरी होती?"

"कोरी. मला वाटलं, लिहायची राहिली असेल."

सातव्या मजल्यावरून खाली येऊन त्याने गाडीतल्या वायरलेसवर कंट्रोल रूमला विचारलंही होतं. पण आपल्याकडे पत्ता वायरलेसवर मोठ्याने वाचायला बंदी आहे. मागे कधीतरी चोरटे आपलं बोलणं ऐकायचे आणि घरची माणसं दवाखान्यात गेली की तीच घरं फोडायचे. तेव्हापासून हा नियम. म्हणून त्याने एवढंच विचारलं, इथे कुणी आजारी नाही, पत्ता तोच ना? पलीकडून उत्तर आलं, तोच आहे, माझ्यासमोर दिसतोय, नीट बघा. तो परत सगळी दारं ठोठावत फिरला.

इस्त्री बाजूला ठेवून तो माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "खरं सांगू? आता मलाच वाटायला लागलंय की मी चुकीचं वाचलं असेल. रोज आठवतो आणि रोज तो सात थोडा पुसट होतो."

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ह्यांना घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, मान्य. पण वाचलेला पत्ता चुकलाय असं संसारात एकदाही झालेलं नाही. माझ्या माहेरचा तर चुकावा म्हणून कितीदा प्रयत्न केला असेल."

तो हसला नाही. मी त्याला म्हटलं, मी येईपर्यंत पेनला हात लावू नकोस. तो म्हणाला, तू आलास तरी काय होणार आहे. मी निघालो.

३

फोन घेणाऱ्या मुलीला कंट्रोल रूममध्ये सगळे नवी म्हणतात. ती येऊन फार दिवस झाले नाहीत. मी खुर्ची ओढली तेव्हा तिने हेडफोन काढला आणि सरळच विचारलं, "तुम्ही मला सोडवायला आलात की अडकवायला?"

"अजून मलाच माहीत नाही."

"मग बसा. खोटं तरी नाही बोललात."

तिलाही कुणीतरी सांगून ठेवलं होतं. ड्रायव्हरचा दोष निघाला नाही तर मग पत्ता टाकणारीचा निघेल. दोन माणसं आणि एकच दोर. एकाने सुटायचं तर दुसऱ्याच्या गळ्यात तो पडला पाहिजे. अशी मांडणी आपोआप होत नाही साहेब, कुणीतरी बसून करतं.

तिने तो कॉल मला पुन्हा टाकून दाखवला. पत्त्याचे पाच रकाने: मजला, घर, गल्ली, विभाग, खूण. बैठं घर म्हणून मजल्याचा रकाना तिने रिकामा सोडला होता. सात हा आकडा तिने घराच्या रकान्यात टाकला. मजल्यात चुकून टाकून मग खोडला असेल का, असं मी विचारलं. ती चिडली नाही. म्हणाली, मीही स्वतःला तेच विचारतेय. पण खोडलं तर खोडल्याचीही नोंद राहते आणि ती नाहीये.

वायरलेसवर ड्रायव्हरने विचारलं तेव्हा तिने स्क्रीन बघूनच उत्तर दिलं होतं. पत्ता समोर होता, बरोबर होता. काही वेळाने त्या बाईंच्या मुलीचा पुन्हा फोन आला, गाडी कुठे आहे म्हणून. नवी म्हणाली, तुमच्या दारात आहे. मुलगी म्हणाली, माझ्या दारात मी उभी आहे. तेव्हा नवीने नियम मोडून वायरलेसवर पत्ता वाचला. नकाशाने गाडी वळवली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता सांगा. मुलगी पत्ता बरोबर सांगते. नवी बरोबर टाकते. ड्रायव्हर समोर आलं ते वाचतो. दोघं एकमेकांना विचारतात, तोच ना, आणि दोघंही खरं उत्तर देतात. तरी गाडी सातव्या मजल्यावर.

उठताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. तुमच्या सहीचं परिपत्रक तिथे चिकटवलेलं होतं. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवावा, अनावश्यक चिन्हं टाकू नयेत. त्याच्याच खाली बसून शेजारची बाई एका रिकाम्या रकान्यात डॅश टाकत होती. तिच्या पलीकडचीही. नवीसुद्धा, पुढचा कॉल आल्याबरोबर.

मी परिपत्रकाकडे बोट दाखवलं. नवीने पाळीच्या प्रमुख बाईंकडे पाहिलं. त्यांना सगळे आत्या म्हणतात. आत्या म्हणाल्या, जुनी सवय, जात नाही. आणि उठून पाणी प्यायला गेल्या.

नवीला कसली आलीय जुनी सवय?

४

त्या इमारतीची लिफ्ट बंद होती. माझे गुडघे गाडीखाली झोपून झोपून आधीच गेलेत. सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत मला वाटलं, आता इथे खरोखरच कुणासाठी तरी गाडी बोलवावी लागणार.

दार एका आजोबांनी उघडलं. एकटेच राहत होते. मी कशाला आलोय ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "परत तेच. मी अजून मेलो नाही, हे त्या दिवशी दोनदा सांगितलंय."

ड्रायव्हर कसा वाटला, असं मी विचारलं. ते म्हणाले, घामाघूम होता, पण शुद्धीत होता, माझ्यापेक्षा जास्तच. त्याने पत्ता पाठ म्हणून दाखवला आणि हाच ना म्हणून विचारलं. मजला सात, घर बारा, गल्ली चार. ते म्हणाले, पत्ता माझाच आहे, दुखणं माझं नाही. नकाशा खाली गेला, वायरलेसवर बोलून परत वर आला आणि शेजारची दारं वाजवायला लागला. आजोबांनी त्याला पाणी दिलं होतं. तो प्यायला थांबला नाही.

खाली उतरताना मध्येच दम लागला म्हणून मी जिन्यात बसलो. समोर धुळीने भरलेली खिडकी होती. दुसरं काही सुचेना म्हणून बोटाने तिच्यावर खरा पत्ता लिहिला. रिकामा, सात, बारा, चार, टाकीमागे. खाली नकाशाचा लिहिला. सात, बारा, चार, चार, रिकामा.

मी ते बराच वेळ बघत राहिलो.

झोपेत वाचणारा माणूस सातचा एक करेल, बाराचे एकवीस करेल. प्यायलेला माणूस गल्ली विसरेल. खोटं बोलणारा माणूस दुसरेच आकडे सांगेल. इथे आकडे तेच होते आणि त्यांचा क्रमही तोच होता. सात, बारा, चार. फक्त सगळे जण एक-एक जागा अलीकडे सरकले होते, बाकावरचा पहिला माणूस उठून गेल्यावर बाकीचे सरकतात तसे. आणि शेवटची जागा कोरी राहिली होती.

पहिल्या जागेवर तर कुणी बसलेलंच नव्हतं. ती रिकामी होती. रिकाम्या जागेला कोण खाऊन गेलं?

५

पत्ते पाठवणारा प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते प्रोग्रामर निवृत्त होऊन घरी असतात. स्वेटर घालून कॉटवर बसले होते. शिकलेले गृहस्थ, बोलायला सावध. मी सगळी हकिकत सांगून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मजल्याचा रकाना रिकामा सोडला होता का?"

मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. बाई गेल्याचं त्यांना माझ्याकडूनच कळत होतं.

मग त्यांनी समजावलं आणि मला समजेपर्यंत समजावत राहिले. कंट्रोल रूममधून पत्ता गाडीकडे जातो तो एका लांब ओळीच्या रूपात. पाचही रकाने एकापुढे एक, आणि दोन रकान्यांच्या मध्ये एक उभी रेघ. गाडीतल्या प्रोग्रामने ती ओळ रेघांवर तोडायची आणि तुकडे स्क्रीनवर मांडायचे. प्रोग्राम सी भाषेतला. त्या भाषेत ओळ तोडायचं एक जुनं तयार साधन आहे, त्याचं नाव स्ट्रटॉक. ओळ द्यायची, कुठे तोडायचं ते सांगायचं, की ते एकेक तुकडा हातात देतं.

"पण त्याला रिकामा तुकडा देता येत नाही," ते म्हणाले. "दोन रेघा लागून आल्या, किंवा ओळीची सुरुवातच रेघेने झाली, तर ते त्या रेघा ओलांडून सरळ पुढच्या अक्षरावर जातं. मधे काहीतरी होतं आणि ते रिकामं होतं, हे ते सांगतच नाही. आणि मी तुकडे मोजून मांडत होतो. पहिला तो मजला, दुसरं ते घर."

म्हणजे पहिला तुकडा आला सात, तो मजल्यात बसला. बारा घरात. चार गल्लीत. मग विभागाच्या जागी आलं पाण्याच्या टाकीमागे. विभाग तेवढा आकडा म्हणून वाचला जातो आणि त्या शब्दांत आकडा नव्हता, म्हणून निघालं शून्य. शून्य आलं तर गाडीचा स्वतःचा विभाग धरायचा, अशी सोय केलेली होती. गाडी विभाग चारची. मग पाचवा तुकडा उरलाच नाही. खूण कोरी.

मी विचारलं, मग खात्याच्या नोंदीत सगळं बरोबर कसं?

ते म्हणाले की स्ट्रटॉक ओळ तोडताना मूळ ओळच खराब करतं, रेघांच्या जागी स्वतःच्या खुणा भरून ठेवतं. म्हणून तोडण्याआधी एक प्रत काढून ठेवावी लागते. तीच न तोडलेली प्रत कंट्रोल रूमकडे परत जाते आणि नोंद म्हणून जपली जाते. ड्रायव्हरला दिसतात ते तुकडे. साहेब, तुम्ही त्याच्या तोंडावर जो पुरावा फेकलात तो त्याने बघितलेल्या गोष्टीचा नव्हताच. तो कापायच्या आधीच्या कापडाचा होता आणि तुम्ही त्यावरून सदरा बेतशीर आहे असं सांगत होतात.

हे इतकी वर्षं कसं चाललं, असं मी विचारलं. चाचणीतच लक्षात आलं होतं, ते म्हणाले. रिकामा तुकडाही रिकामा म्हणून परत देणारं दुसरं साधन आहे, ते वापरून दुरुस्त करतो असं मी सांगितलं होतं. काम थोडंसंच होतं. पण उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. वरून सांगण्यात आलं, आता कोडला हात नको, फोन घेणाऱ्या बायकांना सांगा की रकाना रिकामा ठेवू नका, डॅश टाका. डॅश म्हणजे अक्षरच, तुकडा पडतो, काही सरकत नाही. बायकांना कारण सांगितलं नाही, नुसती सवय लावली.

"लेखी दिलं होतं का कुणी?"

"नाही. बोलणं झालं तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो."

"दुसरं कोण?"

त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग त्यांनी नाव सांगितलं आणि मला वाटलं, आपण अजून थोडं कमी हुशार असतो तर रात्री झोप तरी लागली असती.

६

आत्यांना मी त्यांच्या घराखालच्या बाकावर गाठलं. त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, जिना चढायचं बळ गोळा करत. मी शेजारी बसलो आणि सरळ सांगितलं की डॅशचं कारण मला कळलंय.

"मला नव्हतं माहीत," त्या म्हणाल्या. "देवाशप्पथ. आम्हाला वाटायचं, साहेब लोकांना रिकामं बघवत नाही."

डॅश बंद का झाला, ते त्यांनी सांगितलं. तुमच्याकडे पाहुणे येणार होते आणि त्यांना दाखवायला कोणत्या मजल्यावरून किती कॉल येतात याचा आलेख केला होता. त्यात सगळ्यात उंच खांब डॅशचा निघाला. डॅश नावाच्या मजल्यावर गावातले सगळ्यात जास्त लोक आजारी पडत होते. आलेख हास्यास्पद दिसायला लागला म्हणून तुम्ही परिपत्रक काढलंत. त्यानंतर बैठ्या घरांच्या कॉलवर गाड्या भरकटायला लागल्या. ड्रायव्हर शिव्या घालत, लोकांना विचारत पोचायचे. कुणाचं बोट मोडलेलं, कुणाला ताप. निभावलं. मग ती छातीतली कळ आली.

"पण आत्या, परिपत्रक अजून भिंतीवर आहे आणि तुम्ही सगळ्या डॅश टाकताय. परत कधी सुरू केलात?"

त्यांनी पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळले.

"बाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी माझी पाळी सुरू होताना फोन आला. आजपासून परत डॅश टाकायला लावा, लेखी काही मिळणार नाही, भिंतीवरचा कागद काढू नका."

"कुणाचा फोन?"

"माझी मुलगी याच खात्यात लागलीये रे. मला विचारू नकोस."

मी पुन्हा विचारलं नाही. त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. वर जाताना त्या वळल्या आणि म्हणाल्या, "नकाशाला सांग, सही करू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हा चौकशी सुरूही झाली नव्हती. नकाशा ओरडून सांगत होता की माझ्या स्क्रीनवर सातवा मजला होता आणि अख्खं खातं म्हणत होतं हे शक्यच नाही. आणि त्याच सकाळी कुणीतरी एक जण होता ज्याला ते शक्य आहे हे माहीत होतं, इतकं नेमकं माहीत होतं की त्यावरचा एकमेव उपाय त्याने फोन करून चालू केला.

७

चौकशीच्या खोलीत काय झालं ते तुम्ही पाहिलंत. पण तुमच्या इतिवृत्तात ते येणार नाही, म्हणून लिहितो.

मी भाषण केलं नाही. एवढंच म्हटलं की नवीने तोच पत्ता टाकावा आणि खाली उभी असलेली गाडी सगळ्यांनी बघावी. तुम्ही म्हणालात, गरज नाही. गेलेल्या बाईंची मुलगी मागे बसली होती. ती म्हणाली, मला बघायचंय. तिला नाही म्हणायची हिंमत तुम्हाला झाली नाही.

पहिल्यांदा नवीने डॅश टाकला. गाडीच्या स्क्रीनवर आलं: घर सात, गल्ली बारा, टाकीमागे. मग तिने रकाना रिकामा सोडला. स्क्रीनवर आलं: मजला सात, घर बारा, गल्ली चार. खूण कोरी.

नकाशा स्क्रीनकडे बघत होता. ज्या सातावर त्याचा स्वतःचाच विश्वास उडत चालला होता तो त्याच्यासमोर होता, ठळक. त्याने खिशातून तुमच्या माणसाने दिलेला कागद काढला आणि घडी न मोडता माझ्या हातात दिला. मग गाडीच्या पायरीवर बसला आणि तोंड ओंजळीत धरलं.

मुलगी त्याच्याजवळ गेली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "काका, मला इतके दिवस वाटत होतं की घाबरून मीच पत्ता चुकीचा सांगितला."

ऐकलंत ना साहेब? तिने बरोबर सांगितलं आणि स्वतःवर शंका घेतली. नवीने बरोबर टाकलं आणि स्वतःवर शंका घेतली. नकाशाने बरोबर वाचलं आणि स्वतःवर शंका घेतली. ज्यांच्या हातून काहीच चुकलं नव्हतं ती तिन्ही माणसं स्वतःला कुरतडत होती. तुम्ही तेवढे निवांत होतात.

वर आल्यावर तुम्ही चहा मागवलात. म्हणालात, तांत्रिक त्रुटी आहे, दोष कुणाचाच नाही, ड्रायव्हरला समज देऊन कामावर घेतो, विषय संपवू. समज कसली देणार आहात त्याला? समोर दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही?

नकाशा कामावर येईल. गणवेश कधीपासून तयार आहे. पण विषय संपलेला नाही. स्ट्रटॉकला मी दोष देत नाही. ते एक साधन आहे, रिकाम्या जागेवरून ते पुढे जातं कारण त्याला तसं बनवलंय. माणसाला तसं बनवलेलं नाही. माणूस तसं करायचं ठरवतो.

डॅशचं कारण जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातल्या प्रोग्रामरला बाई गेल्याची बातमी माझ्याकडून कळली, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा फोन त्यांचा असू शकत नाही. चाचणीच्या वेळी त्या खोलीत त्यांच्यासमोर जो माणूस बसला होता तो तेव्हा लहान खुर्चीत होता. आज तो मोठ्या खुर्चीत आहे आणि भिंतीवरच्या परिपत्रकाखाली त्याची सही आहे. त्याला आलेख नीट दिसायला हवा होता, तो त्याने सही करून नीट करून घेतला. मग बाई गेली आणि त्याला सगळं एका क्षणात आठवलं. आठवल्यावर त्याच्यापुढे दोन रस्ते होते. एका फोनवर डॅश परत आणता येत होता. दुसऱ्या फोनवर एका ड्रायव्हरला सांगता येत होतं की तू खरं बोलतोयस.

पहिला फोन झाला. दुसरा झाला नाही, आणि त्याऐवजी ड्रायव्हरच्या घरी कागद पाठवला गेला.

मला बदली हवी तर करा, चौकशी लावायची तर लावा, माझ्या शेजारी बसायला कुणी मिळणार नाही तरी मी येईन. पण त्याआधी त्या मुलीसमोर आणि नकाशासमोर उभं राहून एका गोष्टीचं उत्तर द्या. लेखी द्या, तोंडी आम्हाला चालणार नाही.

त्या सकाळी आत्यांना फोन तुम्हीच केलात की नाही?